सुदैवाच्या भरवशावरचा एक तास

माणूस मोठ्या संकटातून वाचला की ‘देव तारी त्याला कोण मारी’ असे म्हणून विषय संपविण्याची आपल्याकडे रीत आहे. म्हणणाऱ्याच्या मनात कृतज्ञता असते आणि ती योग्यच होय. परंतु या म्हणीखाली एक प्रश्न कायमचा झाकला जातो. तारला गेलेला माणूस आपल्याला दिसतो. तशाच रस्त्यावर, तशाच दुखण्याने, ज्यांना कोणी तारले नाही ते मात्र दिसत नाहीत. केवळ वाचलेल्यांकडे पाहून काढलेले अनुमान फसवे असते, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला तरी ठाऊक असावयास हवे. प्रस्तुत लेखक गेल्या हिवाळ्यापासून वाचलेल्यांच्या गटात मोडतो. म्हणूनच आपण कसे वाचलो याचा हिशेब भाबडेपणा टाळून मांडणे त्याला आपले कर्तव्य वाटते.

हकीकत थोडक्यात अशी. गेवराईहून शेवगावकडे एका घरगुती कामासाठी मोटारसायकलवरून एकटाच निघालो होतो. वेळ सकाळी साडेदहाची, रस्ता नेहमीचा. निघाल्यापासून छातीत किंचित जळजळ होती. सकाळचा चहा आणि रिकामे पोट यांच्या माथी तिचे खापर फोडून गाडी तशीच पुढे दामटली. उमापूर जवळ आले तेव्हा डावा हात जड झाला, थंड वाऱ्यातही कपाळावरून घाम ओघळू लागला आणि छातीवर कोणी जाते ठेवावे तसे दडपण आले. गाडी कशीबशी कडेला घेतली, स्टँडवर लावण्याची शक्ती नव्हती म्हणून बाभळीला टेकवली आणि खाली बसलो.

त्यानंतरची दहाबारा मिनिटे या लेखाचा खरा विषय आहेत. त्या अवधीत रस्त्यावरून पाचसहा दुचाक्या आणि एक जीप गेली. काहींचा वेग कमी झाला. थांबले कोणी नाही. त्यांना निर्दय ठरविणे सोपे आहे, पण ते खरे नाही. भर सकाळी मोटारसायकलशेजारी मान टाकून बसलेला माणूस पाहिला की मनात दोनच तर्क येतात. एक, हा प्यालेला असावा. दुसरा, याला कोणीतरी उडविले असावे. पहिल्यात तिरस्कार आहे, दुसऱ्यात पोलीस, पंचनामा आणि कोर्टाच्या तारखा यांचे भय आहे. तिसरी शक्यता, म्हणजे हा आजारी असावा, ही सुचतच नाही.

शेजारच्या रानात कापूस वेचणाऱ्या एका म्हाताऱ्या मावशींना मात्र ती सुचली. त्यांनी पाणी दिले आणि रस्त्यावर उभे राहून समोरून येणारा कापसाचा टेम्पो अक्षरशः अडविला. चालकाचा पहिला प्रश्न होता, ‘‘गाडीनं उडवलंय का?’’ मावशी म्हणाल्या, ‘‘न्हाई रे बाबा, छातीत दुखतंय त्यांच्या.’’ तेवढ्यावर तो खाली उतरला. अपघात नाही एवढे कळताच त्याच्यातील माणूस मोकळा झाला. उमापुरातील एका डॉक्टरांनी नाडी पाहिली, ॲस्पिरिनची गोळी चघळावयास लावली आणि वेळ न दवडता गेवराईला पाठविले. तेथे हृदयाचा आलेख निघाला, निदान झाले आणि रक्ताची गुठळी विरघळविणारे इंजेक्शन मिळाले. दुखणे सुरू झाल्यापासून तोवर पावणेदोन तास उलटले होते. पुढे मोठ्या शहरातील रुग्णालयात दाखल होताना आधी अनामत रकमेची विचारणा झाली. सोबत आलेल्या सहकाऱ्याच्या खात्यात पैसे होते म्हणून तोही अडथळा ओलांडला गेला.

आता या साखळीच्या कड्या मोजाव्यात. वेचणी नसती तर मावशी रानात नसत्या. टेम्पो अर्धा तास उशिरा आला असता, डॉक्टर परगावी गेले असते, इंजेक्शन शिल्लक नसते, सहकाऱ्याचे खाते रिते असते, तर यांपैकी कोणतीही एक कडी पुरेशी होती. एकही कडी व्यवस्थेने आगाऊ जोडून ठेवलेली नव्हती. प्रत्येक ठिकाणी कोणा ना कोणाचा चांगुलपणा किंवा निव्वळ योग कामी आला. अशा घटनेला सुदैव म्हणतात. सुदैव ही व्यक्तीच्या दृष्टीने आनंदाची गोष्ट असली, तरी समाजाच्या दृष्टीने ती व्यवस्थेच्या अभावाची कबुली असते.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा, की पंचेचाळिशीच्या माणसाने छातीत जळजळ होत असताना एकट्याने मोटारसायकल काढावीच कशाला? आक्षेपातील निम्मा भाग मला मान्य आहे. दुखण्याची पूर्वसूचना ओळखली नाही, घरी सांगितले नाही, खिशात रक्तगट वा घरच्यांचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी नव्हती, आणि फोन असा कुलूपबंद होता की मी शुद्ध हरपलो असतो तर तो कोणाच्याच कामाचा नव्हता. हा सर्वस्वी माझा अपराध. परंतु आक्षेपाचा दुसरा निम्मा भाग वस्तुस्थितीला सोडून आहे. मोटारसायकलवरील एकट्याचा प्रवास हा शहरातील हौशी तरुणांच्या भटकंतीचा विषय असेल. मराठवाड्यात तो पोटापाण्याचा भाग आहे. शाळेवर जाणारा शिक्षक, सज्जाला जाणारा तलाठी, दूध घालणारा शेतकरी, परीक्षेला निघालेला विद्यार्थी हे सारे एस.टी.ची वेळ जुळत नाही म्हणून दुचाकीवर असतात आणि बहुधा एकटेच असतात. देशात २०२२ साली रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांत दुचाकीस्वारांचे प्रमाण ४४.५ टक्के होते. दुचाकी हे या देशातील सामान्य माणसाचे वाहन आहे, आणि म्हणून दुचाकीवरील संकट हा सामान्य माणसाचा प्रश्न आहे.

हृदयविकाराबाबतही हेच म्हणता येईल. हा श्रीमंतांचा रोग, ही समजूत कधीच जुनी झाली. भारतातील एकूण मृत्यूंत हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचा वाटा १९९० साली १५.२ टक्के होता. २०१६ साली तो २८.१ टक्क्यांवर गेला. देशातील ८९ रुग्णालयांतील वीस हजारांहून अधिक रुग्णांची पाहणी करणारा एक मोठा अभ्यास २००८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तीव्र झटक्याचे रुग्ण दुखणे सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोहोचेपर्यंतचा मध्यक कालावधी त्यात ३६० मिनिटे, म्हणजे सहा तास, आढळला. आणि ही रुग्णालये शहरांतील होती. त्याहून विचार करावयास लावणारी बाब पुढे आहे. तीस दिवसांतील मृत्यूचे प्रमाण गरीब रुग्णांत ८.२ टक्के, तर श्रीमंतांत ५.५ टक्के होते. हा फरक रोगाच्या तीव्रतेमुळे असावा असे कोणासही वाटेल. पण मिळालेल्या उपचारांतील तफावत हिशेबात घेताच तो नाहीसा झाला. गरिबांचे हृदय अधिक दुबळे नसते; त्याला मिळणारा उपचार दुबळा असतो.

येथे अर्थशास्त्राचा एक जुना सिद्धान्त आठवतो. केनेथ ॲरो यांनी १९६३ साली वैद्यकीय सेवेच्या अर्थशास्त्रावर एक निबंध लिहिला. त्यात त्यांनी दाखवून दिले, की आजारपणातील मागणी अनियमित व अकल्पित असते आणि रुग्णाला आपण काय विकत घेत आहोत याचे ज्ञान नसते. म्हणून या सेवेला धान्य वा कापड यांच्या बाजाराचे नियम लागू पडत नाहीत. रस्त्याच्या कडेला घामाने थबथबलेला माणूस हा तर ग्राहकच नव्हे. तो भाव विचारू शकत नाही, दोन दुकाने हिंडू शकत नाही, नकार देऊ शकत नाही. घराला आग लागल्यावर अग्निशामक दलाने आधी मालकाची पत तपासावी असे कोणी म्हणत नाही. मग शरीराला लागलेल्या आगीबाबत तसे का म्हणावे?

आपल्या न्यायालयांनी हे तत्त्व केव्हाच मान्य केले आहे. एका स्कूटरस्वाराला मोटारीने धडक दिली. त्याला घेऊन गेलेल्यांना रुग्णालयाने ‘हे प्रकरण आमच्याकडे चालत नाही’ असे सांगून वीस किलोमीटर दूरच्या दुसऱ्या रुग्णालयाकडे पाठविले आणि तो वाटेतच गेला. या बातमीवरून दाखल झालेल्या परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट १९८९ मध्ये निःसंदिग्धपणे सांगितले, की जीव वाचविणे हे प्रत्येक डॉक्टरचे, सरकारी असो वा खाजगी, पहिले कर्तव्य आहे. कायद्याचे सोपस्कार नंतर. पश्चिम बंगालमध्ये आगगाडीतून पडलेल्या एका शेतमजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी जागा नाही म्हणून परतविले, तेव्हा १९९६ साली याच न्यायालयाने वेळेवर उपचार न मिळणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग होय, असा निर्वाळा दिला. मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे २०१६ साली बंधनकारक ठरली आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले. अपघातग्रस्ताला सद्‌हेतूने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येणार नाही, असे हे कलम सांगते. मे २०२५ पासून अपघातग्रस्तांना सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत विनारोकड उपचारांची योजनाही लागू झाली.

ही प्रगती मोठी आहे. पण तिच्यात दोन पोकळ्या आहेत. पहिली अशी, की कायदा पुस्तकात आला तरी रस्त्यावर आलेला नाही. टेम्पोचालकाचा तो पहिला प्रश्न याचाच पुरावा आहे. ज्या प्रसंगी कायदा त्याच्या पाठीशी उभा राहिला असता, नेमक्या त्याच प्रसंगी तो घाबरून निघून गेला असता. दुसरी पोकळी अधिक विचित्र आहे. कलम १३४-अ असो, कायद्यातील ‘सुवर्णतासा’ची व्याख्या असो किंवा विनारोकड योजना असो, या सर्वांना अपघात हवा. धडक बसली तर तुम्ही कायद्याच्या दृष्टीने संकटग्रस्त. हृदयाचा झटका, पक्षाघात, सर्पदंश वा उष्माघात यांनी रस्त्यावर कोसळलात तर तुम्ही केवळ आजारी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हृदयविकारावरील उपचार येतात हे खरे. पण योजनेतील रुग्णालयापर्यंत पोहोचल्यानंतरची ती सोय आहे. पोहोचण्याआधीचा तास कोणाचा, हा प्रश्न उरतोच. वस्तुतः मिनिटामिनिटाने मरणाकडे सरकणाऱ्या देहाला धक्का बाहेरून बसला की आतून, याने काही फरक पडत नाही.

दुसरा आक्षेप साधनांच्या टंचाईचा. गावोगाव हृदयरोगतज्ज्ञ कोठून आणावयाचे? उत्तर असे, की तसे आणण्याची गरजच नाही. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत १७,१८७ रुग्णांचा अभ्यास झाला. केवळ ॲस्पिरिनने पाच आठवड्यांतील हृदयविकाराचे मृत्यू २३ टक्क्यांनी घटले. ॲस्पिरिन आणि गुठळी विरघळविणारे स्ट्रेप्टोकायनेज दोन्ही मिळून ४२ टक्क्यांनी घटले. ॲस्पिरिनहून स्वस्त औषध दाखविणे कठीण आहे. तमिळनाडूत लहान रुग्णालये मोठ्या रुग्णालयांशी जोडून, आलेख दुरून तपासून आणि पहिले इंजेक्शन जवळच्या ठिकाणीच देऊन पाहिले गेले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वर्षभरातील मृत्यूंचे प्रमाण १७.६ टक्क्यांवरून १४.२ टक्क्यांवर आले. आणि इतक्या दूर जावयाचेही कारण नाही. मराठवाड्याच्याच मातीतून गेलेल्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडच्या परिसरात, प्राथमिक आरोग्य केंद्रातील तुटपुंज्या साधनांनिशी, विंचूदंशाच्या रुग्णांचा अनेक वर्षे अभ्यास केला आणि रक्तदाबावरील एका साध्या गोळीच्या उपयोगाने गंभीर विंचूदंशातील मृत्यूंचे प्रमाण फार मोठ्या प्रमाणात खाली आणले. त्यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली. त्या कामाचा धडा हाच, की ग्रामीण भागात जीव वाचविण्यासाठी पहिली गरज भव्य इमारतीची नसते. योग्य ज्ञान योग्य वेळी योग्य ठिकाणी असण्याची असते.

रुग्णवाहिकांबाबतही असेच म्हणावे लागेल. २०१४ साली राज्यात १०८ क्रमांकाची सेवा सुरू झाली तेव्हा तिच्यात ९३७ वाहने होती आणि त्यांपैकी प्रगत साधनांची २३३. २०११ च्या जनगणनेनुसार राज्याची लोकसंख्या ११ कोटी २३ लाखांवर होती; म्हणजे सुमारे एक लाख वीस हजार माणसांमागे एक वाहन. पण लोकसंख्येवर केलेले वाटप विरळ वस्तीच्या जिल्ह्यावर अन्याय करते. बीड जिल्ह्याचे क्षेत्रफळ १०,६९३ चौरस किलोमीटर आहे. येथे रुग्णापासून वाहन किती मिनिटांवर आहे, हा निकष हवा. किती डोक्यांमागे आहे, हा नव्हे. शिवाय दर हंगामात या जिल्ह्यातून ऊसतोडीसाठी बाहेर पडणारी कुटुंबे पालांत राहतात. त्यांच्या संकटाचा पत्ता कोणत्या कक्षात नोंदवावयाचा? आणि केवळ चकचकीत रस्ता असला म्हणजे मदत वेळेवर येते असेही नव्हे. बीड जिल्ह्याचे नेते विनायक मेटे यांचा १४ ऑगस्ट २०२२ रोजी मुंबई–पुणे द्रुतगती महामार्गावर अपघाती मृत्यू झाला, तेव्हा मदत पोहोचण्यास विलंब झाल्याची तक्रार राज्यभर गाजली. राज्यातील सर्वाधिक गाजलेल्या रस्त्यावर एका नामवंत माणसाच्या बाबतीत अशी तक्रार होऊ शकते, तर उमापूरच्या रस्त्यावरील अनामिकाचे काय?

शासनाने करावयाचे ते थोडके पण निश्चित आहे. मदतकर्त्याचे संरक्षण आणि पहिल्या काही तासांतील विनारोकड उपचार ही दोन्ही कलमे अपघाताच्या अटीतून मुक्त करून सार्वजनिक ठिकाणी ओढवलेल्या कोणत्याही प्राणघातक आजाराला लागू करावीत. हृदयाचा आलेख काढणारे यंत्र, ॲस्पिरिन आणि दूरध्वनीवरून सल्ला देणारा तज्ज्ञ ही सोय प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात, तर गुठळी विरघळविणारे इंजेक्शन प्रत्येक तालुक्याच्या रुग्णालयात अहोरात्र असावे, आणि ते शिल्लक आहे की नाही याची नोंद रोज दर्शनी फलकावर लागावी.

परंतु सर्व भार शासनावर टाकून शिक्षित वर्गाला मोकळे होता येणार नाही. झटका आलेला माणूस शुद्धीवर असतो. त्याला बसवावे, चालवू नये, तातडीने हलवावे. हृदयक्रियाच बंद पडली, माणूस बेशुद्ध होऊन श्वास थांबला, तर मात्र छातीच्या मध्यभागी दोन्ही तळव्यांनी मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा खोल दाब देत राहावे लागते. ही पद्धत १९६० सालापासून जगाला माहीत आहे आणि तिला यंत्र लागत नाही. डेन्मार्कने २००५ साली ती शालेय शिक्षणात सक्तीची केली. इतर उपायही योजले. तेथे २००१ साली रस्त्यावरच्या वा घरच्या माणसांकडून असा प्रथमोपचार मिळण्याचे प्रमाण २१.१ टक्के होते, ते २०१० साली ४४.९ टक्के झाले. आणि तीस दिवसांनंतर जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण ३.५ वरून १०.८ टक्क्यांवर गेले. आपल्या महाविद्यालयांत राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे दरवर्षी होतात. झाडे लावण्याबरोबर एक दिवस या शिक्षणाला देण्यास कोणत्या अनुदानाची वाट पाहावयाची?

मदतीला बक्षीस असावे का, हाही प्रश्न आहे. केंद्र सरकारने २०२१ साली गंभीर अपघातग्रस्ताला वेळेत रुग्णालयात नेणाऱ्यास पाच हजार रुपये देण्याची योजना आणली. हेतू चांगला आहे. पण रिचर्ड टिटमस यांनी १९७० साली रक्तदानाच्या अभ्यासातून असा इशारा दिला होता, की परोपकाराला किंमत लावली की परोपकाराची प्रेरणाच आटण्याचा धोका असतो. आपल्या लोकांना पैशाचे आमिष नको आहे. त्यांना भयापासून मुक्तता हवी आहे. याचा अनुभव मला तीन आठवड्यांनी आला.

गाडी घेण्यासाठी उमापूरला गेलो. मावशींच्या मुलाने ती त्याच दिवशी ढकलत घरी नेऊन गोठ्याच्या आडोशाला झाकून ठेवली होती. टेम्पोचालकाचे नाव त्यांनाही माहीत नव्हते. मी काही रक्कम पुढे केली तेव्हा मावशी रागावल्याच. म्हणाल्या, ‘‘पैसे कशाचे? उद्या माझं पोरगं तुमच्या गावाकडं पडलं तर तुम्ही पाणी देणार न्हाई का?’’

त्या प्रश्नाला ‘देईन’ एवढे उत्तर सहज देता आले. पण पाणी दिल्यानंतर पुढे काय, याचे उत्तर माझ्या एकट्याच्या हाती नाही. मावशींनी आपला वाटा उचलला आहे. उरलेला कायद्याने, आरोग्य केंद्राने आणि आपण शिकलेल्यांनी उचलावयाचा आहे.